पालकाची सही

जगनने तो कागद हातात घेतलाच नाही. ओट्यावर ठेवा म्हणाला, आणि मी ठेवल्यावर उडू नये म्हणून त्यावर स्वतःची चप्पल ठेवली.

मी त्याला सगळं सावकाश सांगितलं. शिडाच्या होड्यांच्या हौशी शर्यती आपल्या देशात ज्या संघटनेच्या नियमांनी चालतात, तिने त्या वर्षापासून सभासदत्व सक्तीचं केलं होतं. मोठा असो की लहान, सभासद क्रमांक नसेल तर शर्यतीत उतरता येणार नव्हतं. आदल्या वर्षी आमच्या छोट्या मंडळाचं पत्र पुरलं होतं. आता प्रत्येक मुलाचा वेगळा फॉर्म, फोटो, जन्माचा दाखला आणि खाली पालकाची सही.

"आनी नाय केली सही तर?"

"तर तुझी पूर्वी जानेवारीत मुंबईच्या शर्यतीला उतरणार नाही."

जगन चपलेकडे बघत राहिला. पूर्वी ही त्याची एकुलती एक मुलगी, सहावीत होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी जगन म्हणाला की गावाच्या समितीला विचारल्याशिवाय तो सही करू शकत नाही. मी म्हटलं, जरूर विचार. मला वाटलं होतं, एका संध्याकाळचा प्रश्न आहे.

खारकोंड हे गाव पनवेलहून खाडीच्या अंगाला आहे. एके काळी तिथे मिठागरं होती, भातशेती होती. २०१२ च्या सुमारास विमानतळासाठी जमिनी जाणार हे ठरल्यासारखंच होतं, आणि मोबदल्यावरून गावाचा दावा कोर्टात चालू होता. रोज कुणीतरी पांढऱ्या गाडीतून यायचं. कुणी सर्वेक्षणाचं म्हणायचं, कुणी बँकेचं, कुणी नुसतंच चहा प्यायला. त्यातल्या एकाने काशिराम नावाच्या माणसाकडून पनवेलच्या एका हॉटेलात मोजणीचा कागद म्हणून सही घेतली, आणि ती निघाली संमतीची. तेव्हापासून गावाने एक रीत पाडली होती. कुणीही एकट्याने, कुठल्याही कागदावर सही करायची नाही. कागद आधी समितीने वाचायचा, मग देवळासमोरच्या पारावर सगळ्यांदेखत सही. गॅसच्या जोडणीचा अर्जसुद्धा पारावर जायचा. बायका मुलांना दटावतानाही म्हणायच्या, "बघ हां, काशिराम करशील."

अशा गावात मी कागद घेऊन गेलो होतो.

मी पनवेलचा. अर्धं आयुष्य बहारीनमध्ये एका शिडाच्या क्लबात गेलं. आधी होड्यांची डागडुजी करायचो, पुढे तिथल्या मुलांना शिकवायला लागलो. परत आल्यावर मोडीत निघालेल्या दोन लहान होड्या मिळवल्या. एकट्या मुलाने चालवायच्या, चौकोनी नाकाच्या, लांबून अंघोळीच्या टबासारख्या दिसणाऱ्या. त्या दुरुस्त केल्या आणि खाडीवर मुलं जमवली. पहिल्या दिवशी मी मुलांना होडीत बसवत नाही. डोळे मिटून उभं करतो आणि वारा कुठून येतोय ते विचारतो. बहुतेक मुलं बोट ओलं करून वर धरतात. पूर्वी तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "माजा डावा कान गार लागतोय चाचा, उजवा नाय." तिला मी दुसऱ्याच दिवशी सुकाणू दिलं. दोन पावसाळे गेले तोवर ती माझ्याहून आधी वारा ओळखायला लागली होती. आमच्या मुलांपैकी मुंबईच्या शर्यतीत टिकेल अशी ती एकटीच होती. आणि लहानांच्या त्या गटात वयाच्या हिशेबाने तिचं हे शेवटचंच वर्ष होतं.

आठवडा गेला, जगनकडून निरोप आला नाही. पूर्वी होडीवर यायची बंद झाली. मी गेलो तेव्हा हौसाने, तिच्या आईने, पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. पारावर बसलेल्या माणसांचं बोलणं मी जवळ जाताच थांबलं. मग पूर्वीच्याच वर्गातल्या एका मुलाने मला सरळ विचारलं, "चाचा, तुमी हमझाशेठचे कोन?"

तेव्हा मला उलगडा झाला. हमझा माझा पुतण्या. जासईच्या बाजूला प्लॉट घेतो, विकतो. गावाने दोन्ही टोकं जोडली होती. हमझाचा चाचा आधी पोरांना फुकट होड्या शिकवतो, घरात शिरतो, आणि बरोबर वेळ साधून बापाची सही मागतो. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. घरी बायकोला, सायराला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "फुकट शिकवता ना, तिथंच शक येतो लोकांना. फी लावली असती तर शरीफ ठरला असता."

मी स्वतःच पारावर गेलो.

समितीचं वाचायचं काम दीनानाथकडे होतं. तो पनवेलला एका वकिलाकडे कारकून होता, जगनच्या भावकीतलाच. त्याने फॉर्म आधीच वाचून ठेवला होता आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. ती त्याने मोठ्याने वाचली, मग मराठीत सांगितली. सभासद आणि त्याचे पालक संघटनेचे नियम व निर्णय अंतिम मानतील आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात जाणार नाहीत.

पारावरचे सगळे माझ्याकडे बघत होते.

मी मुलांना सांगतो तसं सांगायला सुरुवात केली. कबड्डीत पंच मैदानात असतो, शिट्टी वाजवतो. पाण्यावर तसा पंच प्रत्येक होडीमागे फिरू शकत नाही. एकाची होडी दुसऱ्याला घासली, तर ज्याची चूक त्याने स्वतःच गोल फिरून दंड भरायचा. त्याने नाही भरला तर दुसऱ्याने तक्रार करायची. किनाऱ्यावर आल्यावर तीन-चार जाणती माणसं दोघांना समोर बसवून ऐकतात आणि निकाल देतात. तो निकाल मानायचा, उठून कोर्टात जायचं नाही. या ओळीचा अर्थ तेवढाच.

एका म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याला हे गावकीसारखं वाटलं असावं. पण दीनानाथने फॉर्म माझ्यापुढे धरला.

"फारूकभाय, तुमचं सगळं मान्य. फक्त 'शर्यतीपुरतं' असं कुठं लिहिलंय ते दाखवा. इथं 'कोणत्याही न्यायालयात' आहे. 'पालक' आहे. पालक म्हणजे जगन. आणि जगनचं नाव आपल्या दाव्यात आहे."

मी ती ओळ पुन्हा वाचली. शर्यतीपुरतं असं तिथे खरंच लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला तशी गरजही वाटली नसेल. विमानतळाखाली जमीन जाणाऱ्या कुणाच्या हातात हा कागद पडेल, हे त्याच्या डोक्यात कशाला येईल? पण दीनानाथ म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि मला तसं कबूल करावं लागलं.

खरं सांगायचं तर मलाही त्या संघटनेचा पुरता भरवसा नव्हता. जे क्लब मोठे, त्यांच्या मुलांचे फॉर्म क्लबातले कारकून भरत होते. आमच्यासारख्यांना हा नियम शेवटच्या महिन्यात कळला होता. सक्ती ही सगळ्यांना सारखी दिसते, पण अडकतात कोण, हे मी बहारीनमध्ये पुष्कळ पाहिलं होतं.

शेवटी पारावर तोड निघाली. जगन सही करेल, पण वर मराठीत एक ओळ घालून, की या सहीचा आमच्या जमिनीच्या दाव्याशी काही संबंध नाही. आणि साक्षीदार म्हणून सगळी समिती सह्या करेल. दीनानाथने झोकदार अक्षरात ओळ लिहिली. समासात जागा उरली नाही तेव्हा साक्षीदारांनी पाठीमागे सह्या केल्या, एकाने अंगठा दिला. पूर्वीचा फोटो त्या गर्दीत मधोमध होता. मी तो कागद मुंबईला पाठवला आणि पूर्वी पुन्हा होडीवर यायला लागली.

चार दिवसांनी संघटनेच्या कचेरीतून कृष्णकांत नावाच्या गृहस्थांचा फोन आला. आवाज नम्र होता. त्यांनी विचारलं, हे जमिनीचं काय प्रकरण आहे? या मुलीवर काही खटला आहे का? मी समजावलं. ते ऐकून ते जास्तच सावध झाले. मग विचारलं की एवढ्या लोकांच्या सह्या कशासाठी, हे निवेदन आहे का? त्यांना वाटत होतं की कुठलंसं आंदोलन त्यांच्या संघटनेला आपल्या भांडणात ओढतंय. मी म्हटलं, मग तुम्हीच एक ओळ लिहून द्या, की याचा जमिनीशी संबंध नाही. ते लगेच म्हणाले, जमिनीबद्दल लिहून देण्याचा अधिकार मला नाही. उद्या तेच कुणी कोर्टात दाखवलं तर? फॉर्म कोरा हवा, खाडाखोड नको, आणि शुक्रवारपर्यंत हवा. मागोमाग त्यांनी नवा फॉर्मही पाठवला.

दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीला भीत होती, की आपली सही उद्या कुणीतरी कोर्टात आपल्याविरुद्ध दाखवेल, आणि तो कुणीतरी म्हणजे समोरचाच, असं दोघांनाही वाटत होतं.

गावात ही बातमी मी सांगायच्या आधी पोचली असावी. जगनच्या ओट्यावर गेलो तेव्हा दीनानाथ आधीच येऊन बसला होता. जगनची मोठी बहीण शांतीही होती. ती जासईला दिलेली, भावाकडे दोन दिवस राहायला आली होती. हौसा सुपात सुका जवळा घेऊन कचरा निवडत होती आणि शांती तिला हातभार लावत होती. पूर्वी पायरीवर.

मी कोरा फॉर्म पुढे ठेवला. दीनानाथ हसला.

"बघा. आपली ओळच नेमकी नको त्यांना. साधा कागद असता तर एका ओळीने काय बिघडलं असतं? म्हणजे गोम तिथंच आहे."

शहाण्या माणसाने शंका घेतली की तिला प्रत्येक गोष्ट पुरावाच दिसते, आणि दीनानाथ शहाणा होता. जगनने माझ्याकडे न बघता सांगितलं की आता विषय संपला. पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी त्या गटात तिचं वय बसणार नाही," मी म्हटलं.

पूर्वी उठली आणि आत गेली. रडली वगैरे नाही. आतून भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी उगाच ताटं एकावर एक रचावीत तसा.

हौसाने सूप खाली ठेवलं. तिला मी तोपर्यंत चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं. तिने मला विचारलं, "भाय, त्या कागदावर बापसाचीच सही लागतं काय?"

मी पाहिलं. फॉर्मवर फक्त पालक लिहिलं होतं. आई किंवा वडील, कुणीही चालणार होतं. हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. कागद घेऊन मी सरळ जगनकडे गेलो होतो, गावानेही त्याच्याकडेच बोट केलं होतं.

"मंग मी करतंय," हौसा म्हणाली. "माज्या नावाव काय हाय? सातबाऱ्यावं मी नाय, दाव्यात मी नाय. माज्या सहीनं जानार काय?"

समितीची रीत म्हणायला सगळ्यांसाठी, पण खरी जमिनीच्या खातेदारांसाठी होती. बायकांनी सही करायची की नाही, हे पारावर कधी निघालंच नव्हतं, कारण त्यांच्या सहीसाठी पांढऱ्या गाडीतून कुणी आलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

पण दीनानाथ वकिलाकडे काम करणारा माणूस. त्याने हात वर केला.

"वहिनी, थांबा. तुम्ही स्वतःसाठी सही करत नाही. पोरीची पालक म्हणून करता. आणि जमीन वडिलोपार्जित आहे. नव्या कायद्याने पोरीचा हिस्सा जन्मापासून लागतो, मुलासारखाच. म्हणजे ही पूर्वीच्या हिश्शाची सही झाली. उद्या समोरचा वकील हेच म्हणेल."

तो बरोबर बोलत होता आणि त्याला स्वतःच्या हुशारीचं समाधान वाटत होतं. मग त्याचं लक्ष शांतीकडे गेलं आणि त्याने हात खाली घेतला.

शांतीचा हात सुपावर थांबला होता. ती जगनपेक्षा बरीच मोठी, आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. गेल्या भाऊबीजेला ती आणि तिची धाकटी बहीण ओवाळायला आल्या होत्या. जगनने दोघींना साड्या दिल्या होत्या, आणि जेवणं झाल्यावर एका कागदावर दोघींच्या सह्या घेतल्या होत्या. हक्कसोडाचा कागद दीनानाथनेच तयार केला होता. त्या भागात घरोघर तेच चाललं होतं. मोबदल्याची वेळ आली की बहिणींच्या सह्या घ्यायच्या, आणि बहिणी देतही होत्या, कारण माहेरचं दार उघडं राहायला हवं असतं. मला हे नंतर समजलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की जगन जमिनीकडे बघतोय.

"दीनानाथ," शांती म्हणाली, "मना तू बोललास, पोरींचा काय नसतं, नुसता नावापुरता कागद हाय. बोललास ना?"

"अगं ताई, तुमचं वेगळं. तेव्हाचं..."

"पूर्वीचा लागतं तर माजाबी लागत व्हता."

तिने आवाज चढवला नाही. खरोखरच हिशेब जुळतो का ते विचारत असल्यासारखं बोलली. पाराचा सगळा पहारा पांढऱ्या गाडीवर होता. घरात, भाऊबीजेच्या ताटाजवळ झालेली सही पारावर कधी गेलीच नव्हती.

दीनानाथ चष्मा पुसायला लागला. जगनने खिशातून पेन काढलं. टोपण उघडून ते हौसापुढे धरलं आणि घाईने म्हणाला, "कर तू सही. कर. पोरीची शर्यत हाय, त्यात एवडं काय."

दीनानाथही लगोलग म्हणाला की हो, हो, खेळाचाच तर कागद आहे. ज्या ओळीवरून त्याने गाव महिनाभर जागं ठेवलं होतं, ती आता त्याला दिसत नव्हती. हौसाने पदराला बोटं पुसली आणि एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. तिची सही व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ कुणी शांतीकडे पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. मला जे हवं होतं ते मिळत होतं, आणि पोरींच्या हिश्शाची गोष्ट पुढे निघू नये म्हणूनच ते मिळतंय, हे शांतीच्या बोलण्यावरून मला दिसत होतं. मी कागद घेतला, दुमडला आणि निघालो. शांतीने तेव्हा चहा नको म्हणून सांगितलं आणि पिशवी भरायला आत गेली.

शुक्रवारी फॉर्म पोचला. कृष्णकांतांनी पूर्वीचा सभासद क्रमांक कळवला आणि शुभेच्छाही दिल्या. माणूस वाईट नव्हता.

जानेवारीत जगन आणि हौसा दोघंही मुंबईला आले. मी त्यांना धक्क्यावर उभं केलं आणि पूर्वीचं शीड कोणतं ते दाखवलं. पाण्यात पन्नासेक होड्या सुरुवातीच्या रेषेमागे गोल गोल फिरत होत्या. लांबून त्या सगळ्या सारख्याच दिसतात, पण पूर्वी कळत होती. बाकीची मुलं रेषेच्या मधोमध दाटी करत होती आणि ही एकटी डाव्या टोकाकडे सरकत चालली होती. मी वाऱ्याकडे तोंड केलं आणि मला कारण कळलं. तो त्या बाजूने फिरणार होता. हौसाला मी ते समजावून सांगायला लागलो आणि ती मन लावून ऐकत होती.

जगन पाण्याकडे बघत नव्हता. तो माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. कार्तिकातल्या त्या सहीपासून शांती माहेरी आली नव्हती, फोनही उचलत नव्हती, हे त्याने मला येताना गाडीत सांगितलं होतं. आता त्याने आवाज खाली आणला.

"फारूकभाय, ताई तुमच्याकडं आली व्हती काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे मी पहिल्यांदा कागद घेऊन गेलो तेव्हा होतं. आपल्या पाठीमागे काहीतरी ठरतंय, आणि आपल्याला ते शेवटी कळणार.

शांती आली होती. पनवेलला आमच्या घरी, धाकट्या बहिणीच्या मुलाबरोबर. सायराने तिला बसवलं, आणि तिने मला विचारलं की खारकोंडच्या कुणाला न ओळखणारा एखादा वकील मला माहीत आहे का. मी तिला उरणच्या एका बाईंचं नाव दिलं होतं.

"आली होती," मी म्हटलं.

"कशाला?"

"ते तिला विचार, जगन. ती सांगेल तुला."

पाण्यावरून भोंगा वाजला. हौसा माझी बाही ओढून विचारत होती की सुटली का, ती कुठाय, पूर्वी कुठाय. मी बोट केलं. डाव्या टोकाला एक लहान शीड वाऱ्यावर कललं होतं आणि पुढे निघालं होतं. जगनने मोबाइल काढला, बहिणीचा नंबर लावला, आणि कानाला धरून आमच्यापासून लांब चालत गेला.